विंचवाचं बिऱ्हाड: एब्रोच्या भातखाचरांपासून साग्रेशच्या कड्यापर्यंत

बिऱ्हाडकरीण | ८ फेब्रुवारी, सायं. ७:१०

सध्या मु. पो. कास्त्रो मारिम. पोर्तुगालचा अगदी आग्नेय कोपरा. पुढच्या काचेतून मिठागरं दिसतात, मागच्या खिडकीतून टेकडीवरचा किल्ला, आणि ग्वादियाना नदीपलीकडे स्पेन. तिकडे आत्ता आठ वाजून गेलेत, इकडे सात. नदीकाठी फिरायला गेलं की फोन बिचारा गोंधळतो, कधी ह्या देशाची वेळ दाखवतो, कधी त्या.

'हल्ली असता कुठे?' हे दिवाळीपासून इतक्या जणांनी विचारलं की एकदाच लिहून टाकते. मी ५४, नवरा ५८. मूळचे साताऱ्याचे, २६ वर्षं श्टुटगार्टजवळ. लेक शिकायला बाहेर पडली, नवऱ्याने नोकरीला रामराम ठोकला, माझं भाषांतराचं काम लॅपटॉप उघडेल तिथे होतं. २०१४ सालची एक मोटरहोम घेतली. फियाट डुकाटोच्या सांगाड्यावरची, सात मीटर लांब, दोन पलंग, एक शेगडी, एक मोरी. ऑक्टोबरच्या शेवटी निघालो, एप्रिलच्या मध्याला परत. हा आमचा तिसरा हिवाळा.

रोन नदीच्या खोऱ्यातून खाली उतरलो आणि स्पेनच्या एपी-७ महामार्गाला लागलो. कॅटालोनियातला त्याचा टोल १ सप्टेंबर २०२१ पासून बंद झालाय, त्यामुळे आता तो परवडतो. पहिला मोठा मुक्काम एब्रो नदीच्या त्रिभुज प्रदेशात. चारी बाजूंना भातखाचरं, मधून पाट, बांधावर बगळे. फक्त बगळ्यांशेजारी रोहितही उभे, म्हणून आपण भोरजवळ नाही एवढं कळतं. मग पेनिस्कोला, वॅलेन्सियाखालची आल्बुफेरा (तिथेही भातच), काल्पेचा ३३२ मीटरचा सुळका, माझारॉन, आगिलास. आल्मेरियाशी आलो की डोळ्यांवर विश्वास बसत नाही. ३०,००० हेक्टरांहून जास्त जमीन पांढऱ्या प्लास्टिकखाली झाकलेली. हिवाळ्यात श्टुटगार्टच्या दुकानात जी ढोबळी मिरची आम्ही वर्षानुवर्षं घेतली, तिचं हे माहेर. बघून फार आनंद झाला असं नाही म्हणवत.

तिथून पुढे मोत्रिल, आल्मुन्येकारचा पट्टा. डोंगर उत्तरेचा वारा अडवतात, त्यामुळे तिथे आंबा पिकतो, अवोकाडो पिकतो, आणि चिरिमोया नावाचं सीताफळाचं सख्खं भावंड पिकतं. बाजारात पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी किलोभर उचलली आणि पिशवी गाडीपर्यंत पोचेतो दोन संपवली. मग तारिफा, जिथे वारा माणसाला वेड लावतो आणि समोर आफ्रिका दिसते, फक्त १४ किलोमीटरवर. मग कादिस, वेल्वा, आणि नदी ओलांडून इथे.

आता मुद्द्याचं. ह्या जगण्याला सगळे 'काय ते स्वातंत्र्य!' म्हणतात. प्रत्यक्षात दिवस तीन प्रश्नांवर चालतो: पाणी कुठे भरायचं, घाण कुठे ओतायची, गॅस कुठे मिळेल. समुद्र चौथ्या क्रमांकावर.

आणि एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच शिकले: खुर्ची बाहेर काढायची नाही. स्पेनच्या वाहतूक खात्याने २००८ साली एका परिपत्रकात स्पष्ट केलं की गाडी चाकांवर उभी आहे, टेकू लावलेले नाहीत, छत-टेबल-खुर्च्या बाहेर पसरलेल्या नाहीत, गाडीतून पाणी गळत नाही, तर ती गाडी 'उभी' आहे. आत तुम्ही झोपा, भाकऱ्या थापा, भांडा. पण एक खुर्ची बाहेर आली की तुम्ही 'मुक्काम ठोकलात', आणि त्याला नियम वेगळे, दंड वेगळा. एका खुर्चीने तुम्ही वाटसरूचे उपरे होता. तीन हिवाळे मी ह्या एका खुर्चीचा विचार करतेय.

विचारा काय विचारायचं ते. सिग्नल बरा आहे आज.

पाणकोंबडी | ८ फेब्रुवारी, सायं. ७:४८

कसलं भारी! वाचतेय. पुढच्या भागाची वाट बघतेय. चिरिमोयाचा फोटो टाकाच.

खवचट काका | ८ फेब्रुवारी, रात्री ८:२०

म्हणजे पार्किंगमध्ये फुकट झोपायचं आणि त्याला भटकंती म्हणायचं. आमच्या स्वारगेटला रिक्षावाले ३० वर्षं हेच करतायत, त्यांच्यावर कोणी धागा काढला नाही. हलके घ्या.

पण एक प्रश्न गंभीरपणे. सकाळचं काय?

बिऱ्हाडकरीण | ८ फेब्रुवारी, रात्री ९:०५

काका, वाटच बघत होते ह्या प्रश्नाची. फुकट फार कमी वेळा, तेही पूर्वी. नगरपालिकांचे मोटरहोम तळ असतात, रात्रीचे ६ ते १५ युरो, तिथे पाणी-मोरीची सोय. आम्ही अशाच ठिकाणी असतो.

आणि सकाळचं. संडासाखाली एक टाकी असते, तिला कॅसेट म्हणतात. साधारण १८ लिटरची. बाहेरून एक झडप उघडून ती ओढून काढायची, चाकं असतात तिला, आणि विमानतळावर बॅग ओढावी तशी ओढत ओतण्याच्या जागेपर्यंत न्यायची. वाटेत भेटणारा प्रत्येक जण 'गुड मॉर्निंग' म्हणतो, कारण त्याच्याही हातात तीच बॅग असते. ह्या चालत्या-बोलत्या मिरवणुकीत बँकेचे निवृत्त मॅनेजर, सर्जन, शाळेचे हेडमास्तर सगळे पाहिलेत. समता बघायची तर इथे या.

जे कुठल्याही जर्मन पुस्तिकेत लिहिलेलं नाही ते सांगते. त्या टाकीचा हिशेब कागद वापरणाऱ्यांसाठी केलेला आहे. आपण पाणी वापरतो. गोऱ्या जोडप्याची जी कॅसेट तीन दिवस चालते ती आमची दीड दिवसात भरते. पहिल्या वर्षी नवऱ्याने दुसऱ्या दिवशी रात्री लाल दिवा पाहिला आणि 'बिघडलंय काहीतरी' म्हणून मॅन्युअल काढून बसला. काही बिघडलं नव्हतं. आता मोरीत लहान तोटीचा फवारा ठेवलाय, तांब्या बंद. आणि एक जादा कॅसेट घेतली. भारतीय माणसाने गाडी घेताना सोलर पॅनेलच्या आधी दुसरी कॅसेट घ्यावी.

चाकावरची इडली | ८ फेब्रुवारी, रात्री १०:३०

दुसऱ्या कॅसेटला +१००. आम्ही म्युनिकहून उन्हाळ्यात तीन-तीन आठवडे जातो.

गॅसचं थोडं मी सांगतो, कारण इथे लोक फसतात. जर्मनीची करडी ११ किलोची बाटली स्पेनमध्ये कुणी बदलून देत नाही. तिथली नारिंगी बाटली वेगळी, रेग्युलेटर वेगळा, आणि बऱ्याच गाड्यांच्या गॅसच्या कप्प्यात ती मावतही नाही. त्यापेक्षा एलपीजी पंपावर भरता येणारी टाकी बसवून घ्या. पण पंपाची तोंडंही देशागणिक वेगळी. जर्मनीचं एक, फ्रान्स-इटलीचं दुसरं, स्पेनचं तिसरं. चार जोडण्यांचा संच पितळेचा मिळतो, तो गाडीत असू द्या.

वीज: १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे सव्वा युनिट वीज. त्यावर लॅपटॉप, दिवे, पंप आरामात. इंडक्शन चालवायला गेलात तर तासाभरात राम म्हणाल. डिसेंबरात सूर्य खाली असतो, छपरावरचं सपाट पॅनेल उन्हाळ्याच्या अर्धीही वीज देत नाही. त्यामुळे कुकर गॅसवरच.

आणि वजन. साध्या परवान्यावर ३.५ टनांपर्यंतच. माणसं, १०० लिटर पाणी, डिझेल, गॅस, तांदळाची गोणी सगळं धरून. बायकोने आणलेलं दगडी खलबत्त्याचं प्रकरण आमच्याकडे वजनकाट्यावर मिटलं.

बिऱ्हाडकरीण | ८ फेब्रुवारी, रात्री १०:५२

खलबत्ता कुणाच्या बाजूने मिटला ते लिहिलं नाहीत, इडली.

कुकरवरून आठवलं. पहिल्या हिवाळ्यात माझारॉनजवळच्या एका शांत तळावर संध्याकाळी वरण-भात लावला. पहिली शिट्टी झाली. शेजारचे डच आजोबा पायात एकच चप्पल घालून धावत बाहेर आले, 'गॅस! गॅस!' ओरडत. दुसऱ्या शिट्टीला त्यांची बायको आली. तिसऱ्या शिट्टीनंतर मी दार उघडून दोघांना आत बोलावलं आणि लिंबू पिळून वरण-भात वाढला. आता ते दरवर्षी मेसेज पाठवतात: शिट्टी यंदा कुठे आहे?

थेम्सकाठचा | ९ फेब्रुवारी, पहाटे १:१५

ताई, वाचून खूप छान वाटलं आणि थोडी जळजळही झाली. आम्ही रेडिंगला, पासपोर्ट भारतीय, ब्रिटनमध्ये कायमचं राहण्याची परवानगी आहे. सहा महिने असं फिरता येईल का?

बिऱ्हाडकरीण | ९ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

सहा महिने सलग नाही येणार. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा (आपसांत सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा) लागेलच, आणि त्यावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. हे ९० दिवस सगळ्या शेंगेन देशांचे मिळून. स्पेनमधून पोर्तुगालमध्ये आलात म्हणून मीटर शून्यावर येत नाही. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे २०२१ पासून, ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचीही हीच गत आहे. पूर्वी ऑक्टोबर ते मार्च इथे ठाण मांडणारे इंग्रज आता कॅलेंडर आणि पेन्सिल घेऊन बसतात. पुष्कळसे डिसेंबर-जानेवारीत आल्हेसिरासहून बोटीने मोरोक्कोत उतरतात, कारण तिथले दिवस ह्या ९० मध्ये धरले जात नाहीत. आणि आता शिक्क्यांची लपवाछपवीही संपली. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकच दिवस मोजायला लागलाय.

जर्मनीत नोकरी करणाऱ्या भारतीयांसाठीही एक टीप, कारण खासगी निरोप आलेत. तुमचं जर्मन निवासी कार्ड जर्मनीत राहायला आहे. बाकी शेंगेन देशांत तुम्हालाही १८० त ९०च.

आमच्याकडे जर्मन पासपोर्ट आहे म्हणून हे जमतं. तरी युरोपीय नागरिकालाही एका देशात तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर नोंदणी करावी लागते. त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी स्पेन, मग पोर्तुगाल. हे आपलं गणित काही अगदी रोमँटिक नाही, पण आहे ते आहे.

मडगांवकार | ९ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

ताई, तुम्ही कास्त्रो मारिमला आणि मी शंभर-सव्वाशे किलोमीटरवर! पोर्तिमांवला कामाला आहे चार वर्षं.

माझं गणित सोपं आहे. आजोबा १९६१ आधी गोव्यात जन्मले, म्हणजे पोर्तुगीज नागरिक. त्यांची नोंद, मग बाबांची, मग माझी, असा कागद पुढे सरकत आला. कागदपत्रांत साडेतीन वर्षं गेली. मिळाल्यावर भारतीय पासपोर्ट परत द्यावा लागला, तो दिवस अजून आठवतो. आता भारतात मी परदेशस्थ नागरिकाच्या कार्डावर जातो, माझ्याच मडगावात. ९० दिवसांची कटकट नाही, पण कटकट नाही म्हणजे किंमत मोजली नाही असं नव्हे.

असो. तुम्ही ओल्यांवच्या मासळी बाजारात गेलात की नाही? शनिवारी जा. रिया फोर्मोझाच्या खाडीतल्या तिसऱ्या (शिंपल्या) तिथे येतात. इथे त्यांना आमेय्जुआ म्हणतात, लसूण-कोथिंबीर घालून करतात. कोथिंबीर! अख्ख्या युरोपात कोथिंबीर जुडीने घेऊन स्वयंपाकात ढीगभर घालणारा हाच एक प्रांत दिसला मला.

बिऱ्हाडकरीण | ९ फेब्रुवारी, दुपारी १:४०

मडगांवकार, बाजार झाला! आणि भाषेची गंमत तर विचारू नका. नवऱ्याला पोर्तुगीजचं ओ की ठो येत नाही. बाजारात जाऊन बोट दाखवत म्हणाला, 'बटाटा.' बाईने बटाटे दिले. मग 'अननस', अननस आलं. कोबीला इथे कोव म्हणतात, किल्लीला शाव्ह, बादलीला बाल्द, घमेल्याला गामेला. पाव तर पावच, फक्त नाकातून. दुपारपर्यंत हा माणूस 'मला भाषा येते' म्हणून तळभर हिंडत होता. कुणी उलट प्रश्न विचारेपर्यंत.

मिठागरांचंही तसंच. इथे लाकडी फावड्याने अजून हाताने मीठ ओढतात. वरचा पापुद्रा वेगळा काढून महागात विकतात. वसई-विरारच्या मिठागरांवर बालपण गेलेल्या माझ्या मावशीला व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, 'ह्यात काय बघायला जायचं एवढ्या लांब?'

सात टेकड्या | ९ फेब्रुवारी, रात्री ११:१०

लिस्बनमध्ये नऊ वर्षं राहते. धागा गोड आहे, पण दुसरी बाजू कुणीच लिहिली नाही म्हणून लिहिते.

जानेवारी २०२१ पासून पोर्तुगालमध्ये कायदाच लागू झाला की मोटरहोमने ठरवून दिलेल्या जागेबाहेर रात्र काढायची नाही. आभाळातून नाही पडला हा कायदा. अल्गार्वच्या (पोर्तुगालचा दक्षिणेकडचा प्रांत) पश्चिम किनाऱ्यावर, अल्जेझूर-विला दो बिश्पो भागात, कड्यांवर रांगाच्या रांगा लागायच्या. वाळूच्या टेकड्यांमागे संडासचे कागद. संरक्षित निसर्ग उद्यानात! गावच्या लोकांना स्वतःच्या किनाऱ्यावर गाडी लावायला जागा नाही. मग वर्षभरात तो थोडा सैल केला, आता ज्या नगरपालिकेने स्वतःचा वेगळा नियम केलेला नाही तिथे ४८ तास चालतं, पण किनारपट्टी आणि निसर्ग क्षेत्रात नाहीच.

आणि खर्चाचं म्हणाल तर हे लोक उत्तरेकडची पेन्शन घेऊन येतात, किराणाही पुष्कळदा घरून भरून आणतात, गावाला काय मिळतं? रागाने नाही लिहीत. पण 'वाटसरू' हा शब्द जरा स्वस्तात वापरलात असं वाटलं.

खवचट काका | १० फेब्रुवारी, सकाळी ६:५५

आता खरा धागा सुरू झाला. चहा घेऊन बसतो.

बिऱ्हाडकरीण | १० फेब्रुवारी, दुपारी ४:२०

सात टेकड्या, तुमचं बरोबर आहे. ते कागद मीही पाहिलेत आणि एकदा हातमोजे घालून उचललेतही, पण त्याने हिशेब फिटत नाही. किराणा आम्ही गावातच घेतो. तांदूळ, डाळ आणि गोडा मसाला सोडून. त्याला इलाज नाही.

तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मला गेल्या हिवाळ्यातली एक गोष्ट लिहायची आहे. मूळ लेखात मुद्दाम टाळली होती.

अल्गार्वमधल्या एका गावाबाहेर (नाव नको) नदीकाठी एक मोकळी जागा होती. आम्ही रात्रीपुरते थांबलो. शेजारी एक जुनी पांढरी व्हॅन. मालवाहू, खिडक्या नसलेली. दाराशी तुळशीएवढ्या कुंडीत पुदिना, आणि एक प्लास्टिकची खुर्ची. मी मनात म्हटलं, बघा, हे असे लोक, खुर्च्या बाहेर मांडतात आणि नाव सगळ्यांचं खराब होतं.

सकाळी त्या व्हॅनमधून तिशीची एक मुलगी बाहेर आली. इस्त्रीचा काळा शर्ट, केस घट्ट बांधलेले. कामाला निघाली होती. पोर्तुगीजच, देशाच्या आतल्या भागातली. एका हॉटेलात नाश्ता वाढायची. संध्याकाळी परत आली तेव्हा बोललो. खोली का नाही घेत, असं मी अगदी आत्याबाईसारखं विचारलं. ती म्हणाली, मिळते की, ऑक्टोबर ते मे. जूनमध्ये मालक बाहेर काढतो, कारण उन्हाळ्यात तीच खोली पर्यटकांना आठवड्याच्या भावाने जाते. आणि माझं काम नेमकं उन्हाळ्यातच सर्वांत जास्त असतं. तीन वर्षं सामान हलवलं, मग व्हॅन घेतली.

म्हणजे आम्ही जिथे हौसेने झोपलो होतो तिथे ती नाइलाजाने झोपत होती. आमची गाडी तिच्या व्हॅनच्या दहापट किमतीची. आणि ज्या पर्यटकांसाठी तिची खोली जाते, त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय, तर मी चाकांवर येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले. सौजन्याने बोलले, खरंच. आमची गाडी बघितली, काही बाहेर नाही, 'आज निघताय ना?' विचारून पुढे गेले. तिला मात्र कुंडी आणि खुर्ची उचलायला लावली आणि वही काढली. नियमाप्रमाणे सगळं चोख. आम्ही वाटसरू, ती मुक्काम ठोकणारी. तिच्याच देशात.

मी काय केलं? काही नाही. दंडाचे पैसे देऊ केले तर तिने नको म्हटलं, आणि ते बरंच झालं. पुदिन्याची चार पानं दिली तिने चहात टाकायला.

तेव्हापासून आम्ही तळावरच थांबतो, पैसे भरून. हे प्रायश्चित्त वगैरे नाही. फक्त ती मोकळी जागा कुणाला तरी लागते, ते आता माहीत आहे.

पाणकोंबडी | १० फेब्रुवारी, सायं. ५:०२

...

काय लिहावं कळेना. पोचलं.

सात टेकड्या | १० फेब्रुवारी, सायं. ६:३०

लिहिल्याबद्दल आभार. 'स्वस्तात' हा शब्द मागे घेते. लिस्बनला आलात तर चहाला या. पुदिना माझ्याकडेही आहे. गाडी मात्र नदीपलीकडे लावा, इथे सात मीटर कुठे मावत नाहीत.

रेवस ते रेड्डी | १० फेब्रुवारी, रात्री ९:४५

विषयांतराबद्दल माफी. हेच आपल्या कोकणात का होत नाही? महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं होतं. सागरी मार्ग आहे, गावोगावी देवळांची आवारं आहेत, किनारा तर ह्यांच्यापेक्षा देखणा.

चाकावरची इडली | १० फेब्रुवारी, रात्री १०:२०

किनाऱ्याने होत नाही हो, कॅसेट ओतायच्या जागेने होतं. फ्रान्समध्ये खेड्यातली ग्रामपंचायतसुद्धा तळ बांधते: एक नळ, एक जाळी, एक ओतायचं भांडं. कारण त्यांना कळलंय की गाडीवाला पाव घ्यायला गावातच जातो. गुहागर-वेंगुर्ल्यात ह्या तीन गोष्टी द्या, मी पहिला येतो. आणि खाडी आली की अजून आपण तरीची होडी शोधतो.

थेम्सकाठचा | ११ फेब्रुवारी, रात्री १२:४०

सुरक्षिततेबद्दल कुणी बोललं नाही. चोऱ्या फार होतात म्हणे?

बिऱ्हाडकरीण | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

होतात. एकच नियम पुरतो: महामार्गाच्या थांब्यावर रात्री झोपायचं नाही, विशेषतः स्पेनच्या भूमध्य किनाऱ्याला. दिवसाही कुणी शेजारून गाडी घालत 'तुमचं चाक बसलंय' असं खुणावलं तर तिथे न थांबता पुढच्या पेट्रोल पंपावर थांबायचं. एक जण चाक दाखवतो, दुसरा दुसऱ्या दारातून पर्स नेतो.

पण मला चोरापेक्षा पाण्याची भीती जास्त वाटते. स्पेनच्या ह्या किनाऱ्यावर रांब्ला असतात. कोरडे ओढे. वर्षातले अकरा महिने त्यांत थेंब नसतो, सपाट वाळू, वाऱ्यापासून आडोसा, समुद्र दोन पावलांवर. मोटरहोमवाल्यांना ह्याहून सुंदर जागा दिसत नाही. बार्सिलोनाची ती प्रसिद्ध रस्तावजा रांब्लासुद्धा मूळची अशीच ओढ्याची जागा. शरद ऋतूत वर डोंगरात ढगफुटी झाली की हा ओढा अर्ध्या तासात नदी होतो, आणि तुमच्या डोक्यावर तेव्हा एक थेंबही पडत नसतो. २९ ऑक्टोबर २०२४ ला वॅलेन्सियाजवळ हेच झालं, दोनशेहून जास्त माणसं गेली. त्याआधी ऑगस्ट १९९६ मध्ये तिकडे वर पिरेनीजमध्ये बियेस्कासला ओढ्याच्या वाटेतच वसवलेल्या एका कॅम्पिंग तळावर पाणी आलं, ८७ मृत्यू.

आमच्या आजीचं वाक्य होतं, ओढ्याची वाट ओढा विसरत नाही. मी आता नकाशावर निळी तुटक रेघ दिसली की गाडी वर चढवते. नवरा कुरकुरतो, कारण वर वारा असतो. तारिफाला तर लेव्हान्ते (पूर्वेचा वारा) सुटला की गाडी रात्रभर पाळण्यासारखी हलते आणि छपरावरची झडप 'खडखड, खडखड'. कुरकुरू दे.

जास्वंद | ११ फेब्रुवारी, दुपारी २:३०

ताई, माझा प्रश्न जरा वेगळा. आम्ही फ्रँकफर्टला. मार्चमध्ये आई पुण्याहून येतेय, वय ७१, गुडघे कुरकुरतात पण उत्साह दांडगा. तीन आठवडे भाड्याची मोटरहोम घेऊन अल्गार्वला जावं म्हणतोय. तिला झेपेल? बरोबर आठ वर्षांचा मुलगाही.

बिऱ्हाडकरीण | ११ फेब्रुवारी, सायं. ५:५०

झेपेल, फक्त गाडी निवडताना दोन गोष्टी बघा. एक, 'चार जणांची' म्हणून विकतात ती पुष्कळदा चार झोपायची आणि दोनच पट्ट्यांची असते. चालत्या गाडीत प्रत्येकाला पट्ट्याची खुर्ची हवीच, मागे पलंगावर आडवं होऊन जाता येत नाही, आईंनाही नाही. दोन, पलंग. ड्रायव्हरच्या डोक्यावरून खाली येणारा पलंग मुलाला द्या. आईंना मागचा, पण तोही बराच उंच असतो, खाली सामानाची जागा असते म्हणून. ठेंगणे पलंग असलेल्या गाड्या मिळतात, तसं सांगून मागा.

व्हिसासाठी लागणारा ३०,००० युरोंचा विमा काढालच, गुडघ्याचं जुनं दुखणं त्यात बसतं का ते वाचून घ्या. मार्चमध्ये दिवसा ऊन छान, रात्री आठ-दहा अंशांपर्यंत उतरतं, पाऊसही येतो. शालीपेक्षा लोकरीचे मोजे जास्त आणा. कॅसेट जावयाने ओतायची, हे निघण्याआधी ठरवून घ्या. वाटेत ठरवू नका.

साग्रेशला नक्की न्या. युरोपच्या मुख्य भूमीचं नैर्ऋत्य टोक. साओ व्हिसेंतीच्या दीपगृहापाशी 'अमेरिकेच्या आधीचं शेवटचं सॉसेज' अशी जर्मन पाटी लावलेली गाडी उभी असायची. अजून असली आणि शाकाहारी असाल तर पाटीचा फोटो काढा.

आणि हो, दाराची पायरी. गाडीचं दार जमिनीपासून बरंच वर असतं, एक लोखंडी पायरी बाहेर येते पण ती गुडघेदुखीवाल्यांना पुरत नाही. एक ठेंगणं स्टूल लागेल. चढून झालं की आत घ्यायचं बरं का. बाहेर राहिलं तर मुक्काम ठोकलात.

खवचट काका | ११ फेब्रुवारी, सायं. ७:१५

हे स्टूल बाहेर ठेवल्याने परदेशी पोलीस येतात आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार वर्षं कुणाचा तरी सोफा पडलाय.

सुनेला धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, 'बाबा, तुम्हाला कॅसेट झेपेल का?' म्हणजे जायचं ठरतंय वाटतं.

जास्वंद | १२ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

आईला सगळं फोनवर वाचून दाखवलं, पोलिसांसकट. ती म्हणाली, स्टूल कशाला विकत घेतेस, मी घरचा चौरंग आणते. चढायला होईल, आणि पोलीस आले तर सांगीन, पूजेचा आहे.